सागरी जलजीवालय : उभारणी व परिपक्वन यांचा इतिहास

सागरी जलजीवालय : समुद्रातील मासे, प्रवाळ, समुद्रपुष्पे, कवचधारी प्राणी व शैवले जिवंत ठेवून त्यांचे निरीक्षण करता यावे म्हणून खारे पाणी भरून सिद्ध केलेल्या पारदर्शक टाकीस सागरी जलजीवालय म्हणतात. याचे मुख्यत: दोन प्रकार आहेत. समुद्राचे ताजे पाणी सतत आत घेऊन वापरलेले पाणी बाहेर सोडणारे ते खुले जलजीवालय व तेच पाणी पुन:पुन्हा शुद्ध करून वापरणारे ते बंद जलजीवालय. समुद्रापासून दूर असलेल्या गावी किंवा घरी दुसऱ्या प्रकाराखेरीज गत्यंतर नसते. बंद टाकी पाण्याने भरली म्हणजे ती लगेच वसतियोग्य होत नाही. तीत काही आठवडे पाण्याची रासायनिक स्थिती पालटत असते व त्यानंतरच प्राणी तीत सुखरूप राहू शकतात. या अवस्थांतरास टाकीचे परिपक्वन म्हणतात. परिपक्वनाचा उलगडा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकातच झाला होता. परंतु तो जलजीवालयाच्या व्यवहारात येण्यास पुढे सु. पाऊणशे वर्षे लागली. प्रस्तुत नोंदीत या विलंबाचा व त्यामागील कारणांचा मागोवा घेतला आहे.

मूळ अडचण : समुद्राच्या १,००० भाग पाण्यात सरासरी ३५ भाग लवणे विरघळलेली असतात व त्यांपैकी सु. ८५ टक्के सोडियम व क्लोराइड या दोन घटकांचीच असतात. समान तापमानाच्या गोड्या पाण्याच्या तुलनेने समुद्राच्या पाण्यात सु. एक पंचमांश ऑक्सिजन कमी विरघळतो. सागरी प्राणी आपल्या शरीरातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य बहुतांशी अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात. उरलेले अन्न व मृत अवशेष कुजूनही अमोनियाच तयार होतो. अमोनियाचा विषारीपणा पाण्याच्या पीएच मूल्याबरोबर वाढतो आणि समुद्राचे पाणी किंचित क्षारीय (पीएच मूल्य सु. ८.१ ते ८.३) असल्यामुळे त्यात तो गोड्या पाण्यापेक्षा अधिक घातक ठरतो. अफाट समुद्रात त्याचा लगेच निचरा होतो, टाकीत तो साचून राहतो. म्हणजे समुद्राचे पाणी आणले, तरी समुद्र आणला असे होत नाही. हा भेद ध्यानात येण्यापूर्वी असंख्य प्राणी टाक्यांत मेले.

आरंभीचे प्रयत्न : झान व्हिलप्र-पॉवर (१७९४–१८७१) या फ्रेंच निसर्गवैज्ञानिक महिलेने सिसिलीतील मेसीना येथे १८३२ पासून काचेच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून आर्गोनॉट या अष्टभुजवर्गीय प्राण्याचा अभ्यास केला. आर्गोनॉटाचे कवच त्याने दुसऱ्या प्राण्याकडून बळकावलेले नसून स्वत:च तयार केलेले असते, हे तिने या निरीक्षणांतून सिद्ध केले. समुद्र हाताशी असल्यामुळे तिला पाणी बदलणे सुलभ होते. स्कॉटलंडमध्ये जॉन ग्रॅहॅम डॅलिएल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या भांड्यात पाणी वरचेवर बदलून पाळले. त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी त्याचा सांभाळ केला व ते १८८७ पर्यंत जगले. पाणी बदलत राहिल्यास प्राणी दीर्घकाळ जगू शकतात हे यावरून दिसून आले. पण तेच पाणी टिकवावयाचे कसे, हा प्रश्न सुटला नव्हता.

या प्रश्नाला ॲना थिन (१८०६–६६) यांनी प्रथम हात घातला. त्यांनी १८४६ मध्ये टॉर्की येथून काही अश्मप्रवाळ लंडनला आणले. ताजे पाणी मिळेना तेव्हा उघड्या खिडकीपुढे उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात धार धरून ओतण्याचे काम त्यांनी नोकराकडून रोज अर्धा ते पाऊण तास करवून घेतले. पुढील वर्षी त्यांनी भांड्यात समुद्रशैवलांची भर घातली. अशा रीतीने त्यांनी ते प्रवाळ सु. तीन वर्षे जगविले. त्यांचा हा वृत्तांत १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

समतोलाची कल्पना : वनस्पती हवा शुद्ध करतात असे जोसेफ प्रीस्टली यांना १७७१ मध्ये आढळले होते व त्यासाठी प्रकाश आवश्यक असतो, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखविले होते. या ज्ञानाच्या आधारे रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी लंडन येथे एका काचपात्रात सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगाई एकत्र ठेवल्या. पात्राच्या तळाशी वाळू, चिखल व दगडांचे तुकडे होते. त्यांनी १८५० मध्ये मांडलेली उपपत्ती अशी : वनस्पती माशांना ऑक्सिजन पुरविते, मासे वनस्पतीला कार्बन डाय-ऑक्साइड देतात आणि गोगलगाई कुजकी पाने खाऊन पाणी निर्मळ ठेवतात. यानंतर त्यांनी १८५२ पासून हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यावर केला व त्याचे निष्कर्ष पुढील वर्षी प्रसिद्ध केले. त्यांच्या मांडणीत तळाच्या वाळूला काहीच कार्य दिलेले नव्हते.

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहोद्यानात मे १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक जलजीवालय उघडले. फिलिप हेन्री गॉस (१८१०–८८) यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे जलजीवालयाला इंग्रजीत आज रूढ असलेले ‘ॲक्वेरियम’ हे नाव स्थिर झाले व मध्यमवर्गीय घरांत त्याचे वेड पसरले. खाण्याचे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड ही चार लवणे गोड्या पाण्यात विरघळवून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृतीही गॉस यांनी दिली. ही लाट दशकभरात ओसरली. समतोल साधला असे समजून टाकीत प्राण्यांची दाटी केली जाई, पाणी गढूळ होऊन त्याला दुर्गंधी येई आणि मेलेल्या प्राण्यांच्या जागी नवे आणले जात. डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावरील खडकांतील समृद्ध जीवसृष्टी या हौसेपायी उजाड झाली, याबद्दलची खंत गॉस यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी आपल्या १९०७ मधील आत्मचरित्रपर ग्रंथात व्यक्त केली आहे.

फिरते पाणी : लंडनमधील व्यावसायिक विल्यम ॲलफर्ड लॉइड (१८२६–८०) यांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी आखणी केलेली हँबर्ग (१८६४) व लंडनमधील क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील जलजीवालये मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाली. प्रदर्शनाच्या टाक्यांहून कितीतरी मोठा असा थंड व अंधारा हौद जमिनीखाली बांधून त्यातील पाणी पंपाने टाक्यांतून अहोरात्र खेळते ठेवणे, हे त्यांच्या पद्धतीचे तत्त्व होते. नेपल्स येथे आंटोन डोर्न (१८४०–१९०९) यांनी १८७२ मध्ये स्थापन केलेल्या प्राणिवैज्ञानिक संशोधन केंद्राच्या जलजीवालयासाठीही (१८७४) लॉइड यांचे साहाय्य घेण्यात आले. वनस्पतींवर भिस्त न ठेवता तेच पाणी वर्षानुवर्षे वापरता येते, हे या पद्धतीने सिद्ध झाले. याचे श्रेय लॉइड पाण्याच्या अखंड हालचालीला व तीमुळे मिळणाऱ्या ऑक्सिजनाला देत. हे अंशत: बरोबर होते; कारण ज्या सूक्ष्मजीवांना विपुल ऑक्सिजन व चिकटून राहण्यास विस्तृत पृष्ठभाग लागतो, त्यांच्यासाठी हे हौद, नळ व टाक्यांच्या भिंती अनुकूल वसतिस्थानेच होती. मात्र त्यांच्या अस्तित्वाची कल्पना त्या वेळी कोणासही नव्हती.

नायट्रीकरणाचा शोध : या सूक्ष्मजीवांचा शोध जलजीवालयात न लागता माती व सांडपाणी यांच्या अभ्यासातून लागला. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा (पोटॅशियम नायट्रेट) बिहार प्रांतातील जुन्या वस्त्यांच्या आसपासच्या, गुरांच्या मलमूत्राने भिजलेल्या मातीतून शतकानुशतके काढला जात असे. अमोनियापासून नायट्रेट बनण्याची ही क्रिया केवळ रासायनिक आहे असा समज होता. तेओफील श्लसिंग (१८२४–१९१९) व आशील म्युंत्स (१८४६–१९१७) या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये वाळू व खडू यांनी भरलेल्या उंच काचनळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले सु. वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला व त्यानंतर त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्माचे बाष्प सोडताच ही क्रिया थांबली. नंतर थोड्या मातीचा अर्क घालताच ती पुन्हा सुरू झाली. यावरून ती सजीवांची क्रिया आहे हे निश्चित झाले. नव्या टाकीत जे घडते ते सर्व या काचनळीत घडले होते. तळाची वाळू, प्रारंभीचे वांझ दिवस व त्यानंतरचा पालट या तिन्ही गोष्टी तीत होत्या. फक्त मासे नव्हते.

हेच संशोधन इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) यांनी पुढे नेले. हे रसायनशास्त्रज्ञ जलजीवालयातील समतोलाची उपपत्ती मांडणाऱ्या वॉरिंग्टन यांचे समाननामक पुत्र होत. अमोनियापासून प्रथम नायट्राइट व नंतर नायट्राइटापासून नायट्रेट अशा दोन टप्प्यांत ही क्रिया होते आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या सूक्ष्मजंतूंकडून घडतो, असे त्यांनी १८७८ ते १८९१ या काळातील निबंधांत दाखविले; परंतु हे सूक्ष्मजंतू त्यांना अलग करता आले नाहीत. ते कार्य १८९० मध्ये झुरिक येथे सर्गेई विनोग्राड्स्की (१८५६–१९५३) या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी केले. हे सूक्ष्मजंतू कार्बनी अन्नावर न जगता अमोनियाच्या वा नायट्राइटाच्या ऑक्सिडीभवनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात, असे त्यांना आढळले. नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर ही नावेही त्यांनीच दिली.

पित्याच्या पात्रातील पाणी निर्मळ राहण्याचे एक मोठे कारण पुत्राने शोधलेल्या या क्रियेत होते. तरीही एकाच कुटुंबातील हे दोन शोध दीर्घकाळ एकमेकांस अपरिचित राहिले. पुत्राच्या संशोधनाचा रोख शेतजमिनीच्या सुपीकतेकडे होता. मोठी जलजीवालये बहुधा समुद्रकाठी असून ताज्या पाण्यावर चालत, तर घरगुती हौशी लोक मुख्यत: गोड्या पाण्यातील मासे पाळीत. बंद खाऱ्या टाकीचा प्रश्न पुढे येण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

दोन ज्ञानांचा संयोग : दुसऱ्या महायुद्धानंतर विमान-वाहतुकीमुळे प्रवाळभित्तींवरील रंगीबेरंगी मासे दूरदेशी जिवंत पोहोचू लागले. तळाच्या खडीतून पाणी खेळविणारी खडीखालची गाळणी १९५० नंतर प्रचारात आली. १९६० नंतर तयार लवणमिश्रणे बाजारात मिळू लागली आणि सिलिकोनाने सांधलेल्या, धातूची चौकट नसलेल्या काचेच्या टाक्यांमुळे गंज व त्यातून होणारी विषबाधा टळली. साधने सुधारली, तरी नव्या टाकीतील मासे पहिल्या काही आठवड्यांतच मरण्याचे प्रमाण मोठे होते. पुष्कळ जण याचे कारण अस्वच्छता मानून खडी गरम पाण्याने धुऊन काढीत व सर्व पाणी बदलीत. असे केल्याने खडीवर नुकतेच वाढू लागलेले उपयुक्त सूक्ष्मजंतू नष्ट होत व टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येई.

जपानमध्ये साएकी यांनी १९५८ मध्ये बंद अभिसरण पद्धतीच्या जलजीवालयाची मूलतत्त्वे मांडली. टाकीत किती मासे ठेवता येतील हे गाळणीतील थराच्या शुद्धीकरणक्षमतेवर अवलंबून असते, हा विचार त्यांत प्रमुख होता. १९६० नंतरच्या दशकात हिरायामा यांनी सागरी टाक्यांतील वाळूच्या थरांची ही क्षमता मोजण्याचे कार्य केले. अमेरिकन जीववैज्ञानिक स्टीव्हन स्पॉट यांच्या बंद यंत्रणांतील जलव्यवस्थापनावरील १९७० मधील ग्रंथामुळे हे ज्ञान इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले. गाळणी ही केवळ केरकचरा अडविणारी चाळण नसून ती सजीवांची वसाहत आहे, हा दृष्टिकोन येथून रूढ झाला.

याच सुमारास इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली ‘नैसर्गिक पद्धत’ प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले जिवंत जीवांनी भरलेले प्रवाळखडक, हवेचे मंद बुडबुडे व सूर्यप्रकाश यांवरच त्यांची टाकी चाले. अशा सच्छिद्र खडकाच्या बाह्य भागात नायट्रीकरण व ऑक्सिजनविरहित आतील भागात नायट्रेटापासून नायट्रोजन वायू बनविणारे विनायट्रीकरण अशा दोन्ही क्रिया होतात, हे पुढे स्पष्ट झाले. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात वॉल्टर ॲडी यांनी १९८० मध्ये उभारलेली प्रवाळभित्तीची टाकी या दिशेने पडलेले आणखी एक पाऊल होय.

परिपक्वनाची क्रिया : नव्या टाकीच्या उभारणीत लवणमिश्रण प्रथम स्वच्छ, क्लोरीनविरहित पाण्यात विरघळवून विशिष्ट गुरुत्व सु. १.०२५ व उष्ण कटिबंधीय प्राण्यांसाठी तापमान २४° ते २७° से. राखतात. वाळू, खडक व पाण्याचे अभिसरण सिद्ध झाल्यावर टाकीत अमोनियाचा उगम निर्माण करतात आणि शक्य झाल्यास जुन्या निरोगी टाकीतील मूठभर वाळू विरजणासारखी घालतात. आरंभी अमोनिया वाढत जातो. त्याचे ऑक्सिडीभवन करणारे सूक्ष्मजीव वाढले म्हणजे तो उतरणीस लागतो व नायट्राइट चढू लागते. काही काळाने तेही ओसरून नायट्रेट साचू लागते. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही मोजमापात शून्यावर येऊन तशीच राहिली म्हणजे टाकी पक्व झाली असे समजतात. सागरी टाकीत यास सामान्यत: चार ते सहा आठवडे लागतात. अनेक सामान्य सूक्ष्मजंतू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, तर नायट्रीकारक सूक्ष्मजंतूंना सु. एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, हे या विलंबाचे कारण होय. टाकी पक्व झाल्यावरही प्राणी थोडेथोडेच सोडावे लागतात; कारण सूक्ष्मजंतूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणातच टिकते. नायट्रेट तुलनेने कमी विषारी असून ते ठराविक काळाने काही पाणी बदलून किंवा विनायट्रीकरणाने कमी करतात.

अमोनियाच्या उगमासाठी पूर्वी डॅमसेलसारखे काटक मासे नव्या टाकीत सोडण्याची रूढी होती. ते जगले तर टाकी योग्य, मेले तर दुसरे आणावयाचे, असा हा व्यवहार होता. अमोनियम क्लोराइडाची मोजकी मात्रा किंवा थोडे कुजणारे अन्न यांनी तेच कार्य होत असल्याने अशा बळीची आवश्यकता नाही, हे कळल्यावर ही रूढी मागे पडत गेली. बहुतेक गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे संवर्धन-केंद्रांतून येतात; याउलट प्रवाळभित्तींवरील बहुतेक मासे प्रत्यक्ष समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपीन्समध्ये १९६० नंतर ते पकडण्यासाठी सोडियम सायनाइडाचा उपयोग होऊ लागला व त्यामुळे प्रवाळांचीही हानी झाली. म्हणून नव्या टाकीत मेलेल्या प्रत्येक माशाचा भार अखेर प्रवाळभित्तीवरच पडतो.

भारत : मद्रास (चेन्नई) येथे १९०९ मध्ये समुद्रकाठी सार्वजनिक सागरी जलजीवालय सुरू झाले होते, ते आता अस्तित्वात नाही. मुंबईत नेताजी सुभाष मार्गावर समुद्रालगत बांधलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. नूतनीकरणानंतर ते २०१५ मध्ये पुन्हा खुले करण्यात आले होते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्यांच्या पुराने किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ होते व त्याची लवणता घटते. त्यामुळे समुद्र जवळ असूनही वर्षभर सारखे पाणी मिळत नाही व साठवण, गाळण आणि पुनर्वापर यांचे महत्त्व येथेही कमी होत नाही. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचींत २००१ मध्ये भित्तिकारक प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे इ. प्राण्यांचा समावेश करण्यात आल्याने भारतीय समुद्रांतून ते गोळा करण्यास प्रतिबंध आहे. अशा स्थितीत जिवंत खडकावर विसंबण्यापेक्षा कोरडे खडक व वाळू घेऊन, धीराने परिपक्वन होऊ देणे हाच योग्य मार्ग ठरतो.

जलजीवालयापासून मिळालेले ज्ञान : जलजीवालयाने मृदाविज्ञानाकडून घेतलेले हे ऋण पुढे फेडले गेले. अमेरिकेतील सीॲटल येथील सार्वजनिक जलजीवालयाच्या एका उष्ण कटिबंधीय सागरी टाकीतील खडीतून २००५ मध्ये नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा सूक्ष्मजीव अलग करण्यात आला. तो सूक्ष्मजंतूंपैकी नसून आर्किया या वेगळ्या गटातील आहे. या गटातील जीवही अमोनियाचे ऑक्सिडीभवन करतात हे अशा रीतीने प्रथमच संवर्धनाने सिद्ध झाले. त्याचे आप्त महासागरात अतिशय विपुल असून समुद्रातील नायट्रोजनचक्रात त्यांचा मोठा वाटा आहे, हे त्यानंतर कळून आले. नायट्रीकरणाचे दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पिरा वंशातील सूक्ष्मजंतू २०१५ मध्ये ज्या ठिकाणी आढळला, त्यांत नेदर्लंड्समधील एका मत्स्यसंवर्धन यंत्रणेची गाळणी होती. दोन टप्प्यांसाठी दोन वेगळे जीव असलेच पाहिजेत, या धाकट्या वॉरिंग्टन यांच्या काळापासून चालत आलेल्या समजुतीस त्यामुळे अपवाद सापडला.

प्रकाश, वनस्पती, वाहते पाणी व स्वच्छता या चार गोष्टींना निरनिराळ्या काळी सागरी जलजीवालयाचा आधार मानले गेले. त्या आवश्यक आहेत. पण टाकी पक्व होते ती वाळूच्या कणांवर वस्ती करणाऱ्या अदृश्य जीवांमुळे व त्यांच्या वाढीच्या गतीने. थोरल्या वॉरिंग्टन यांच्या पात्रात हे जीव १८५० मध्येही होते. समतोलाच्या हिशेबात मात्र त्यांची गणना फार उशिरा झाली.